हरलेल्या संघालाही पुढचा सामना हवा



आपल्या गोरेगाव तालुक्यात धान कापणी आटोपून मंडईचे दिवस आले की गावोगावी कबड्डी-क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. फ्लेक्सवर बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरात असते. पण बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला की घरी! शालेय फुटबॉलमध्येही बरेचदा हेच होते.

जरा गणित करून पाहा. ८ संघ बाद पद्धतीने खेळले तर एकूण सामने ७, आणि त्यातले ४ संघ एकच सामना खेळून परत जातात. तेच ८ संघ साखळी पद्धतीने खेळले तर ८ × ७ ÷ २ म्हणजे २८ सामने. प्रत्येक संघाला ७ सामने मिळतात. सांगा, खेळाडू कुठे घडेल?

याचे उत्तर कोल्हापूरने कधीच दिले आहे. तिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची लीग घेते. संघ कोणाचे? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा पेठांमधल्या तालमींचे. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. तळाला राहणाऱ्याला खालच्या गटात जायची भीती, म्हणून शेवटचा सामनाही जीव तोडून खेळला जातो. तिथे सगळे छानच आहे असे नाही; समर्थकांची भांडणेही होतात. पण शाळा सुटलेल्या पोराला खेळायला जागा आहे, हे महत्त्वाचे.

कोल्हापूर दूर वाटत असेल तर नागपूर बघा. तिथेही जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये वरपासून खालपर्यंत गट आहेत. कामठीचा रब्बानी क्लब त्यात खेळतो. गोंदिया जंक्शन ज्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येते, तिचाही संघ खेळतो.

पालक म्हणतील, "सर, खेळून पोट भरते का?" नाही भरत. या लीगमधले कितीतरी खेळाडू नोकरी-धंदा सांभाळूनच खेळतात. हौशी लीगचा अर्थच तो. पण बारावीनंतर ज्या पोराचा संध्याकाळचा वेळ मोबाईलमध्ये किंवा पानठेल्यावर जातो, त्याला दर रविवारी एक सामना आणि एक जबाबदारी मिळते, हे काय कमी आहे?

माझे मत स्पष्ट आहे. मोठे बक्षीस नको, मोठे वेळापत्रक हवे. तालुक्यातल्या गावांचे ६ संघ धरा. १५ सामने होतात. रविवारी ३ घेतले तर ५ रविवारांत लीग पूर्ण! मैदान शाळेचे, पंच क्रीडा शिक्षक. कागद फक्त तीन लागतात : खेळाडूंची यादी, वेळापत्रक आणि गुणतक्ता. गुणतक्ता भरायचे काम सातवी-आठवीच्या मुलांना द्या. त्यांचा गणिताचा पाठही होईल, आणि मोठे झाल्यावर आपणही इथे खेळू शकतो हे त्यांना दिसेल.

शाळेतून आपण खेळाडू तयार करतो. तो पुढे कुठे खेळेल, हे बघणेही आपलेच काम आहे.