मित्राच्या वल्हांडणाला

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवलीहून पनवेल फार दूर नाही. तिथले बेथ एल सिनेगॉग १८४९चे, पेणचे १८६३चे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, म्हणजेच बेने इस्राएल ज्यू, रायगडच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या नांदले. १९४८नंतर बरेचजण इस्राएलला गेले. राहिलेल्यांपैकी कुणी वल्हांडणाच्या रात्री ख्रिस्ती मित्राला जेवायला बोलावले, तर त्या मित्राला तिथे काय गवसते?

शुभवर्तमानांत येशूचे शेवटचे भोजन याच सणाशी जोडलेले आहे. दर पवित्र गुरुवारी ती आठवण करणारा माणूस बेखमीर भाकर आणि कडू भाजी चाखतो, घरातल्या धाकट्याचे प्रश्न ऐकतो, तेव्हा आपला प्रभू ज्यू होता हे त्याला जवळून कळते. मात्र आजचा विधी हुबेहूब येशूच्या काळचा नव्हे. इ.स. ७०मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर तो हळूहळू घडत गेला. म्हणून चर्चमध्ये स्वतंत्र वल्हांडण मांडून त्यातल्या प्रत्येक पदार्थाला ख्रिस्ती अर्थ चिकटवणे आम्हाला मान्य नाही. हा सण आजही ज्यांचा आहे, ती माणसे आपल्या शेजारी राहतात.

या सावधगिरीला इतिहास आहे. युरोपात ईस्टरच्या सुमाराला ज्यूंवर वारंवार हल्ले झाले. १९०३ साली किशिनेव्हची कत्तल ईस्टरच्याच दिवशी सुरू झाली. येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यूंवर टाकता येत नाही, असे कॅथलिक चर्चने जाहीरपणे सांगितले ते १९६५मध्ये. कोकणाने तसला रक्तपात पाहिला नाही, पण मिशनरी इथे आले ते धर्मांतराची आशा धरूनच. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, मिशनांनी शाळा काढल्या. बेने इस्राएलांनी ती विद्या मनापासून घेतली आणि ते आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. १८७४मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची कथा, म्हणजे हग्गादा, हिब्रू-मराठीत छापली गेली. मिसरमधल्या गुलामगिरीतून सुटकेची ती कथा ख्रिस्ती पाहुण्यालाही दुभाष्याविना कळते, कारण यजमान आणि पाहुणा दोघांची मायबोली एकच.

बोलावणे आले तर अवश्य जावे. पाव, केक, बिस्किटे नेऊ नयेत. त्या घरात सणाचे दिवस खमीर चालत नाही. पाहुणा म्हणून बसावे, कथा शेवटपर्यंत ऐकावी, आणि नाताळला त्या मित्राला आपल्या घरी बोलवावे.