खारून नदीचे न दिसणारे पहारेकरी

रायपूरला मराठी घरं बरीच आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर आली, तेव्हापासून मराठी माणसं या मुलखात रुजली. त्यांच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः खारून नदीचं. उन्हाळ्यात नदी रोडावली की गंगरेल धरणाचं पाणी कालव्यातून आणून तिच्यात सोडतात. कार्तिक पौर्णिमेला महादेव घाटावर पुन्नी मेळा भरतो, तोही याच नदीच्या काठी. नदीला आपण हात जोडतो. पण तिच्या पोटात कोण राहतं, याची चौकशी सहसा करत नाही.

मासे, बेडूक, शिंपले डोळ्यांना दिसतात. नदीची मोठी वस्ती मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या जीवांना मराठीत ‘प्लवक’ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये त्यांना ‘प्लँक्टन’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा.

यातले काही वनस्पती. त्या उन्हात स्वतःचं अन्न करतात आणि पाण्याला प्राणवायू देतात. डायाटम नावाच्या शैवालाला तर काचेसारखं सिलिकाचं नक्षीदार कवच असतं. दुसरे प्राणी: रोटिफर, डाफ्निया, सायक्लॉप्स. ते या वनस्पती खातात आणि मासे त्यांना खातात. आपल्या ताटात येणारा कटला पाण्याच्या वरच्या थरात फिरून मुख्यतः प्राणी प्लवकांवर वाढतो; रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो.

आपल्याकडच्या नद्यांत या वस्तीला ऋतुमान असतं. पावसाळ्यात पूर प्लवकांना वाहून नेतो, गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही आणि त्यांची संख्या घटते. हिवाळ्यात पाणी निवळतं, उन्हाळ्यात संथ होतं, तशी वस्ती पुन्हा भरते.

आता गंमत अशी, की प्लवक जास्त म्हणजे नदी निरोगी, असं नाही. निरोगी नदीत जाती पुष्कळ असतात आणि कुणा एकीची दादागिरी नसते. शहराचे नाले नदीत मिसळले, की सांडपाण्यातला नायट्रोजन आणि साबणचुऱ्यातला फॉस्फरस शैवालाला खतासारखा मिळतो. मग नाजूक जाती नाहीशा होतात आणि घाण सोसणाऱ्या मोजक्या जाती माजतात. अमेरिकन शास्त्रज्ञ पामर यांनी १९६९ मध्ये अशा शैवालांची यादीच केली. त्यात युग्लिना आणि ऑसिलेटोरिया ही नावं अग्रभागी आहेत. माजलेलं शैवाल रात्री पाण्यातलाच प्राणवायू वापरतं. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, कधी मरतातही. रसायनांच्या एका तपासणीतून त्या घटकेचं पाणी कळतं. प्लवकांवरून मागच्या काही दिवसांची हकिगत कळते. म्हणून त्यांना पहारेकरी म्हणायचं.

या जीवांचा आपल्या स्वयंपाकघराशीही संबंध आहे. नारूचा जंतू सायक्लॉप्सच्या अंगात वाढायचा आणि न गाळलेल्या पाण्यातून पोटात जायचा. कापडाने पाणी गाळण्याची सवय आणि विहिरींची सुधारणा यांमुळे तो हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. कॉलऱ्याचे जंतूही सायक्लॉप्सच्या जातभाईंना चिकटून राहतात. बांगलादेशातल्या खेड्यांत रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात, सुटे जंतू कापडातून निसटतात; त्यामुळे शंका असेल तेव्हा गाळल्यावर पाणी उकळायलाच हवं.

पण नदी बिघडू द्यायची आणि घरी पाणी उकळत बसायचं, हा उलटा संसार झाला. गणपती शाडूचा आणावा आणि घरच्या बादलीत विसर्जित करावा. निर्माल्य कुंडीत मुरवावं, झाडांना उत्तम खत होतं. साबणचुरा मापाने वापरावा. आणि वॉर्डाचा नगरसेवक मत मागायला आला, की आपल्या गल्लीचं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जातं की तसंच, हे त्याला जरूर विचारावं. पहारेकरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची बाजू मांडायला आपणच हवं.