दगडांचे फोटो

मैत्रिणींनो, या आठवड्यात लोणच्याच्या बरण्यांविषयी लिहायचे ठरवले होते. पण जालना जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आणि बरण्या राहिल्या बाजूला.

त्या लिहितात, “आम्ही घरची मंडळी लोणारला गेलो होतो. मी तळ्याच्या कडेचे, दगडांचे, कड्याच्या थरांचे मिळून चाळीस फोटो काढले. घरी आल्यावर मुलाने फोन भरला म्हणून ते सगळे पुसून टाकले. मी बोलले तर हे म्हणाले, ‘अगं, दगडच तर होते! माणसांचे आहेत ना?’ माझे वडील विहिरीच्या कामावर मुकादम होते. ते गेले. आई माहेरी असते, तिला आता दोन पायऱ्या उतरवत नाहीत. तिला दाखवायचे म्हणून काढले होते हो! मी उगीच मनाला लावून घेते का?”

नाही हो, उगीच नाही. पण समजूत घालण्याआधी काम महत्त्वाचे. पत्राखाली नंबर होता, म्हणून मी सरळ फोनच केला. बहुतेक फोनमध्ये पुसलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. फोटोंच्या जागीच कचरापेटीचे चित्र असलेला एक कप्पा असतो, त्यात ते साधारण तीस दिवस पडून राहतात. त्यांचा बारावा दिवस होता. आम्ही दोघींनी फोनवर बोलत बोलत तो कप्पा उघडला आणि चाळीसच्या चाळीस फोटो परत मिळाले! तुमच्याकडे असे झाले तर आधी तिथे बघा, आणि तो कप्पा कोणी ‘साफ’ करण्याच्या आत बघा.

फोटो मिळाले, पण त्या थोड्या हिरमुसल्या. “ताई, तिथे डोळ्यांना जे दिसलं ते यात नाहीच. सगळं सपाट दिसतंय.” मी विचारले, किती वाजता काढले? तर म्हणे, जेवणं उरकून, साडेबारा-एकला.

इथे मला माझीच फजिती आठवली. 1986 साली आम्ही निघोजला गेलो होतो. तिथे कुकडी नदीच्या पात्रात ते प्रसिद्ध रांजणखळगे आहेत ना, ते पाहायला. नदीच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगर फिरतात आणि खालच्या काळ्या पाषाणाला असे घासतात की रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे तयार होतात. पाटा-वरवंटाच म्हणा ना, फक्त वाटणारी नदी! मी छत्तीस फोटोंचा आख्खा रोल भर दुपारी संपवला. धुऊन आला तेव्हा पाहते तो काय, कुणीतरी डांबर सांडल्यासारखे दिसत होते. खळगा खोल आहे हे सावलीमुळे कळते, आणि ऊन डोक्यावर असले की सावलीच पडत नाही. म्हणून दगडाचे फोटो सकाळी नाहीतर साडेचारनंतर काढावेत. ऊन कडेने यायला हवे. (आणि निघोजला पाणी ओसरल्यावरच जावे. ओल्या, गुळगुळीत खडकावर पाय टिकत नाही.)

आता दगडांविषयी थोडे सांगते, कारण काय पाहतो आहोत ते ठाऊक असले की फोटोही बरे येतात. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये शेते उघडी पडली की माणसे म्हणतात, वाळवंट झालंय नुसतं. पण या भुईखाली जो काळा पाषाण आहे तो मोठा मानकरी आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर बसत गेले. मधल्या काळात वरचा थर ऊन-पावसाने कुजून त्याची माती होई, आणि तीच पुढच्या लाव्ह्याखाली दबून लालसर पट्टी होऊन राहिली. विहीर खणताना मुरूम, काळा दगड, मध्येच लाल पट्टी लागते ती हीच. रस्ता रुंद करताना टेकडी कापलेली असते तिथे कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे गोल गोल सुटणारे दगड तुम्ही पाहिलेच असतील. तेही याच पाषाणाचे. फोटोसाठी लांब जायलाच हवे असे नाही.

लोणारची गोष्ट मात्र वेगळी. ते विवर लाव्ह्याने झालेले नाही, आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झालेले आहे. पुष्कळ वर्षे ते ज्वालामुखीचे तोंड समजले जाई. 1973 साली शास्त्रज्ञांनी तिथल्या दगडात आघाताच्या खुणा दाखवून दिल्या. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि काठापासून जवळजवळ 150 मीटर खोल आहे. चंद्रावरचे काळे डागही अशाच पाषाणाचे, म्हणून चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. आणि हे सगळे जालन्याहून दोन-अडीच तासांवर! सिंदखेडराजावरूनही जाता येते आणि मंठ्यावरूनही. सिंदखेडराजावरून गेलात तर जिजाऊंचे जन्मस्थान वाटेतच आहे. पाणी खारे आहे. तिथल्या काच आणि साबण करायच्या द्रव्यांचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आला आहे. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, तेव्हा फोटो घरोघर फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासले, तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव त्याला कारण निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर पाणथळ म्हणून मान मिळाला. तळ्याकाठच्या कमळजादेवीला जायचे असेल तर पाणी किती चढले आहे, खाली सोडतात का, ते गावातच विचारून घ्यावे.

आता हाताशी धरायच्या काही गोष्टी. काळ्या दगडासमोर कॅमेरा फसतो. त्याला वाटते अंधार आहे, आणि तो दगड करडा, पांढुरका करून टाकतो. पडद्यावर दगडावर बोट टेकवले की उजेडाची खूण येते, ती जराशी खाली ओढावी. काच पुसायला जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा पर्समध्ये ठेवावा. पदराने पुसू नये, पदराला आपले तेल-हळद लागलेलेच असते. उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून तो गाडीच्या काचेपाशी ठेवू नये. दगडातल्या रेषा, पांढरे स्फटिक उठून दिसत नसतील तर बाटलीतले चार थेंब पाणी शिंपडून पाहा. फरशी पुसल्यावर तिचा रंग कसा खुलतो, तसेच.

आणि एक. नुसत्या दगडाच्या फोटोत तो लिंबाएवढा आहे की घराएवढा, हे घरी बसलेल्याला कळत नाही. भूशास्त्राची मंडळी मापासाठी शेजारी हातोडी ठेवतात. आपण हातोडी कुठून आणणार? हातातली बांगडी काढून ठेवावी! मोठ्या कड्यासमोर घरातले कुणी उभे करावे, मात्र जरा लांब, आणि तोंड कड्याकडे. नाहीतर तो कड्याचा फोटो न राहता भाऊजींचा होतो.

दगड मात्र उचलून आणू नका. लोणार अभयारण्य आहे. शिवाय सगळ्यांनी एकेक पिशवीत घातला तर मागून येणारीने काय पाहावे?

ज्येष्ठांना दाखवायचे तर फोन पुढे करू नये. त्यांचे बोट लागते, चित्र सरकते, आणि त्या बिचाऱ्या ओशाळतात. चार-पाच निवडून गावातल्या स्टुडिओतून कागदावर मोठे करून घ्यावेत. मागे गाव आणि तारीख शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावी. बॉलपेन पुढून उमटते. चिकट पानांचे अल्बम टाळा, त्यात फोटो पिवळे पडतात आणि पुढे सुटून येत नाहीत. ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटात तर ठेवूच नका.

राहिला यजमानांचा प्रश्न. मी त्या भगिनींना म्हटले, भांडू नका, पण एवढे सांगा की फोन घरचा असला तरी फोटो ज्याने काढला त्याला विचारल्याशिवाय पुसायचे नाहीत. मुलालाही हे आताच कळलेले बरे. उद्या त्याची बायको येईल.

परवा त्यांचे दुसरे पत्र आले. मुलाला बरोबर घेऊन, सकाळच्या पहिल्या एसटीने त्या पुन्हा लोणारला जाऊन आल्या. पाच फोटो मोठे करून माहेरी नेले. आईने चष्मा लावून सगळे पाहिले, आणि कड्याच्या फोटोतल्या लाल पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “ही लागली की तुझे वडील पहार खाली ठेवायचे आणि आधी जेवून घ्यायचे.” का, ते मात्र आईला आठवेना. नातवाने तो फोटो तिच्या खाटेजवळच्या भिंतीला लावून दिला आहे, आणि आता चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघेल का, असे त्या विचारतात. निघेल. चुन्याची भिंत असेल तर छोटा खिळाच मारा.