'जुनाट' म्हणून रूट्स नाकारणाऱ्यांसाठी

"रूट्स सुपरचार्जर कालबाह्य झाला, मसल कारला सेंट्रिफ्यूगलच बसवावा" हा सल्ला इतिहासाकडे पाठ फिरवूनच देता येतो. इंडियानातील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये या ब्लोअरचे पेटंट घेतले, तेव्हा मोटार जन्मलीही नव्हती. पुढे अमेरिकी हॉट-रॉडर्सनी तो जीएमसीच्या ६-७१ डिझेल इंजिनावरून (चक्क ट्रक-बसचे इंजिन!) काढून व्ही-८वर चढवला. कारण उघड आहे: रूट्स कमी फेऱ्यांतही भरपूर हवा ढकलतो, सेंट्रिफ्यूगलचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे उशिरा चढतो. सिग्नलवरून झेपावणाऱ्या गाडीला केवळ कमाल अश्वशक्तीचा आकडा काय कामाचा? रूट्स हवा अधिक तापवतो, हा आक्षेप मात्र खरा. त्यासाठी इंटरकूलर हवाच. २०१३ च्या शेल्बी जीटी ५०० ने ६६२ अश्वशक्ती गाठली, ती रूट्स जातीच्याच सुपरचार्जरवर.