हवामानाची भिशी

परवा मेसमधून परत आल्यावर आमच्या रूमवर जोरदार वाद रंगला. मी सहज म्हणालो की आपलं हवामान खातं रोजच्या नोंदी इतर देशांना देतं, त्यात पाकिस्तानही आला. झालं! रूम पार्टनर उसळलाच. "यंत्रं आपल्या पैशाने लावायची आणि डेटा त्यांना फुकट? कशासाठी?"

प्रश्न वरवर बरोबर वाटतो. पण पंजाबच्या गव्हाला हिवाळ्यात जो पाऊस मिळतो, तो आणणारे पश्चिमी विक्षोभ इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडूनच आपल्याकडे येतात. तिथल्या नोंदी बंद झाल्या तर पंचाईत कोणाची? आपलीच!

हे शहाणपण जगाला आधीच सुचलं होतं. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून १९६२ साली अणुयुद्धाची वेळ आली होती. पण पुढच्याच वर्षी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघेही 'वर्ल्ड वेदर वॉच' या योजनेत सामील झाले. आज जागतिक हवामान संघटनेचे १९३ सदस्य आहेत. आपल्या घड्याळात पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच, या दोन वेळांच्या नोंदींसाठी जगभर फुगे सोडले जातात. कॉम्प्युटरवरची मॉडेल्स अशा साऱ्या जगाच्या नोंदी घेऊनच अंदाज काढतात.

माझ्यासाठी हा नुसता जनरल नॉलेजचा विषय नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनला माझ्या मामांची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. पण मामा, मामी आणि आजी वाचले, कारण त्यांना आधीच शाळेत हलवलं होतं. तेव्हा अरबी समुद्रावर आपल्या इन्सॅटबरोबर युरोपच्या मेटिओसॅटचीही नजर होती. 'निसर्ग' हे नाव सुचवलं होतं बांगलादेशाने. आणि दिल्लीचं केंद्र चक्रीवादळाचे इशारे देतं ते १३ देशांसाठी, त्यात पाकिस्तानही आहे.

म्हणून मी म्हणतो, हे दान नाही, भिशी आहे. हप्ता प्रत्येकाने भरायचा, ज्याच्यावर वेळ येईल त्याच्या उपयोगी पडायचं. ज्या गरीब देशांना हप्ता झेपत नाही, त्यांना यंत्रं घेऊन देणं हेसुद्धा सगळ्यांच्याच फायद्याचं.

मात्र आपला हप्ता आपणच भरायला हवा. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३! गल्लीगणिक बदलणारा असा पाऊस मोजायला बाहेरून कोण येणार? स्वस्त आणि टिकाऊ पर्जन्यमापक बनवणं हे तुमच्या-माझ्यासारख्या इंजिनिअरांचंच काम. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय ना? मग हा घ्या!

रूम पार्टनर काही माझं पटलं म्हणाला नाही. पण रविवारी मॅच होती, तेव्हा सकाळी उठून मोबाईलवर ढगांचे फोटो बघत कोण बसलं होतं, ते विचारू नका.