जनरलसाहेबांचे वारस आणि आजीचे माहेर

'आमचे खापरपणजोबा निजामाच्या फौजेतले फ्रेंच जनरल' असे सांगणारी घरे हैदराबादेत अजून भेटतात. असतात सगळे जनरलच! तोफा ओतणारा कारागीर किंवा साधा हवालदार कुणाच्या वंशावळीत येत नाही. आणि जनरल म्हटला की बोट एकाच नावाकडे जाते, मिशेल जोआकिम मारी रेमंड.

माणूस होताही तसाच. 1755 मध्ये नैर्ऋत्य फ्रान्समधल्या सेरिन्याकला जन्मला, विशीत पाँडिचेरीला उतरला, पुढे निजाम अलीच्या चाकरीत शिरला. नारायणगुड्याहून आबिड्सकडे जाताना लागते ती गनफाउंड्री, म्हणजे 'तोप का सांचा', त्याच्याच काळातली. मराठ्यांशी त्याची गाठ पडली मार्च 1795 मध्ये, खर्ड्याला. निजामाकडून रेमंडची कवायती पायदळे, शिंद्यांकडून पेरॉनची. दोन्हीकडे फ्रेंच सेनानी; मेले ते बहुतेक इथलेच. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण रेमंडचे वजन काही घटले नाही. 25 मार्च 1798 रोजी तो वारला. अस्मानगढच्या टेकडीवर त्याच्या थडग्यापाशी स्तंभ उभा आहे. हिंदूंनी त्याला मुसा राम केले, मुसलमानांनी मुसा रहीम, आणि मुसारामबाग शहराच्या नकाशावर कायमचे बसले.

आता वारस. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांनी ही फ्रेंच फौज मोडली. शिपायांचा पगार थकला होता, त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केले होते. त्यामुळे हजारोंची फौज जवळजवळ रक्त न सांडता निःशस्त्र झाली. फ्रेंच अधिकाऱ्यांची रवानगी कलकत्त्याकडे झाली. ज्या कुणाची बायकापोरे मागे राहिली असतील, त्यांचा माग काढायचा कुठून? गनफाउंड्रीजवळचे सेंट जोसेफ कॅथेड्रल 1870च्या दशकातले. मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांतच बहुतेकांचा धागा तुटतो.

बापाची बाजू त्या मानाने सोपी. फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा राजाचा हुकूम 1539चा. 1792 पर्यंत त्या वह्या चर्चकडे होत्या, मग नगरपालिकांकडे गेल्या. पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानाम, चंद्रनगर इथल्या जुन्या नोंदींच्या प्रती एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या वसाहत अभिलेखागारात आहेत आणि त्यातल्या पुष्कळ आता घरबसल्या वाचता येतात. त्यामुळे हौशी मंडळी पहिल्याच आठवड्यात सेरिन्याकला पोचतात, रेमंड आडनावाचे कुटुंब शोधतात आणि त्याला आपले झाड लावून मोकळी होतात. मधल्या चार पिढ्या नंतर भरू म्हणतात. मला हा उद्योग खोटा वाटतो. वंशावळ वरून खाली येत नाही, ती खालून वर चढते. आपल्यापासून आईकडे, आईपासून आजीकडे.

आणि आजीपाशीच गाडी अडते. या घरांची हिंदुस्थानी आजी कागदात आली तर पुष्कळदा केवळ बाप्तिस्म्याच्या नावाने. तिचे गाव नाही, बापाचे नाव नाही. महादजी शिंद्यांचा सेनापती द बॉइन्य हा सव्हॉयचा. त्याची इथली पत्नी हलीमा ही हेलेना बेनेट झाली, मुले घेऊन इंग्लंडला गेली आणि 1853 मध्ये ससेक्समधल्या हॉर्शमला वारली. नवऱ्याने दुसरे लग्न केले, तरी तिच्या मुलाला बापाची सरदारकी मिळाली. तिच्याबद्दल आपल्याला एवढे कळते ते ती इंग्लंडच्या कागदात शिरली म्हणून. हैदराबादेतच राहिलेल्या तिच्यासारख्या बायकांना कोण विचारतो?

फ्रेंचांना नावे ठेवण्याआधी आपले कुळवृत्तांत उघडावेत. जुन्या पिढ्यांत मुलगे ओळीने मांडलेले, बायको 'सौ.' म्हणून, तेही सासरी बदललेल्या नावाने, आणि मुली लग्नानंतर गायब. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही तीर्थाला आलेले पुरुषच अधिक नोंदले आहेत.

म्हणून ज्यांना खरोखर शोधायचे आहे त्यांनी जनरलला तूर्त अस्मानगढावर सोडावे. घरातले दाखले, लग्नपत्रे, थडग्यांवरचे लेख यांचे फोटो काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईशेजारी बसून तिच्या आजीचे माहेर, गाव आणि बोलायची भाषा लिहून घ्या. अशी टिपणे असतील तर या स्तंभाकडे जरूर पाठवा; रेमंडच्या वंशजांचे दावे मात्र नकोत.