शाल आणि रुमाल

आपल्या धर्मग्रामांत अलीकडे शालींचा सुकाळ झाला आहे. सणाची मिस्सा संपते न संपते तोच व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या जातात. देणगीदारांचा सत्कार, समितीच्या अध्यक्षांचा सत्कार, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार आणि अखेरीस सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार! यादीतले एखादे नाव वाचायचे राहून गेले, तर दोन घरांत वर्षभर अबोला. सेवा केली म्हणून शाल मिळते, अशी आपली समजूत आहे. शाल मिळावी म्हणून सेवा होऊ लागली आहे, हे आता कोणीतरी स्पष्टपणे सांगावयास हवे.

हा आजार जुनाच आहे. याकोब व योहान या जब्दीच्या पुत्रांनी प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा आधीच मागून ठेवल्या होत्या. उरलेले दहा जण त्यांच्यावर संतापले. त्या संतापात हेवा नसेलच, असे कोण म्हणेल? संत लूक तर सांगतो, की शेवटच्या भोजनाच्या वेळीच आपल्यात थोर कोण, असा वाद शिष्यांत जुंपला. प्रभू आपले शरीर व रक्त देत होता आणि शिष्य मानाच्या जागा मोजत होते. त्याच रात्रीचा वृत्तांत सांगताना संत योहान लिहितो, की प्रभूने बाह्यवस्त्रे उतरवून ठेवली, कमरेस रुमाल बांधला आणि घरातील दासाचे काम हाती घेतले. पेत्राने आढेवेढे घेतले. गुरूच असा वाकला, तर शिष्याला ताठ राहता येणार नाही, ही त्याची खरी अडचण असावी. घात करणाऱ्या यहूदाचे पायही त्या रात्री धुतले गेले.

ख्रिस्तसभेला या रुमालाचा अधूनमधून विसर पडला, तसे स्मरणही झाले. सहाव्या शतकाच्या अखेरीस महान ग्रेगरी या परमगुरूंनी ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद स्वीकारले. व्हॅटिकन परिषद चालू असताना, १९६४ साली, पोप सहावे पॉल यांनी आपला तिहेरी मुकुट गोरगरिबांसाठी वेदीवर ठेवला. रोममध्ये मुकुट उतरला. आमच्या गावात मात्र बाकांवर, पंख्यांवर आणि कपाटांवर देणाऱ्यांची नावे चढतच आहेत.

सर्वांत खेदाची गोष्ट पवित्र गुरुवारची. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाचे विधी सुधारले, तेव्हा पाय धुण्याचा विधी सायंकाळच्या मिस्सेत करण्याची मुभा मिळाली. त्या बारा खुर्च्यांवर आपण कोणाला बसवतो? बहुधा प्रतिष्ठितांनाच. ते घरूनच पाय स्वच्छ धुऊन येतात आणि धर्मगुरू त्यावर चार थेंब पाणी सोडतो. पोप फ्रान्सिस मात्र २०१३ साली रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. २०१६ साली तर या विधीत स्त्रियांचा समावेश करण्यास रीतसर अनुमती मिळाली. तरीही पुष्कळ ठिकाणी यादी जुनीच आहे.

‘मान दिला नाही, तर कोण पुढे येईल? देणग्या कशा मिळतील?’ असा प्रश्न विचारला जातो. कृतज्ञता हा सद्गुण आहे आणि श्रम करणाऱ्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण आभार मानून माणूस मोकळा होतो, तर मानाची मागणी दरवर्षी वाढत जाते. शाल न मिळाल्याने जी सेवा थांबते, ती गेल्या वर्षी तरी कोणासाठी चालू होती? आणि या बाबतीत आम्हां धर्मगुरूंना बोट दाखविण्याचा अधिकार थोडाच आहे, कारण व्यासपीठावरची मधली खुर्ची बहुधा आमचीच असते.

म्हणून येत्या पवित्र गुरुवारी एवढे करावे. ख्रिस्तमंदिर झाडणारी बाई, कबर खोदणारा, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व करणारी सून, पोटासाठी परप्रांतातून आलेला मजूर यांना त्या बारा खुर्च्यांवर बसवावे. अध्यक्षांनी पाण्याचा तांब्या धरावा, देणगीदारांनी परात उचलावी. त्या बारा जणांच्या घरी वर्षभरात कोणी, केव्हा जावयाचे आणि त्यांच्या कोणत्या कामाला हात लावावयाचा, हेही धर्मग्राम परिषदेने त्याच आठवड्यात ठरवावे. या कार्यक्रमाला छायाचित्रकार बोलावू नये.